पत्ता एकाच ठिकाणी, एकदाच बदल

अगं, रात्रपाळीला तू आता एकटी सर्व्हर सांभाळणार, म्हणून नॅटमागच्या फोनबद्दल मला जे ठाऊक आहे ते लिहून देतोय. सावकाश वाच, आणि शंका आली तर मामाला कुठल्याही वेळी फोन कर.

पहिली गोष्ट मनात पक्की बसव. इंटरनेटवरच्या कॉलला दोन वाटा असतात. एसआयपीचे मेसेज एका वाटेने जातात आणि आवाजाची आरटीपी पॅकेटं दुसऱ्या. आवाजाने कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर जायचं, हे एसआयपी मेसेजच्या पोटातल्या एसडीपीमध्ये लिहिलेलं असतं. घरातल्या फोनने इन्व्हाइट पाठवला की तो प्रामाणिकपणे लिहितो: सी लाइनमध्ये १९२.१६८.१.२३, एम लाइनमध्ये ऑडिओ आणि पोर्ट ११७८०. त्याला स्वतःचा तेवढाच पत्ता माहीत असतो. वाटेत राउटर पॅकेटच्या हेडरमधला पत्ता बदलून २०३.०.११३.४५ करतो, आतल्या मजकुराला शिवत नाही. पाकिटावरचा पत्ता बदलला, पत्रातला तसाच राहिला. समोरचा पत्रातला पत्ता वाचून आवाज पाठवतो, आणि तो आवाज वाटेतच मरतो.

हे असं का झालं तेही समजून घे. एसडीपी १९९८ साली आरएफसी २३२७ म्हणून आलं, तेव्हा त्याचं मुख्य काम होतं एमबोनवरच्या मल्टिकास्ट कार्यक्रमांची घोषणा करणं. अशा घोषणेत लिहिलेला गटाचा पत्ता ऐकणाऱ्या प्रत्येकाला सारखाच लागू पडतो, त्यामुळे तो मजकुरात लिहिण्यात काहीच वावगं नव्हतं. पुढे एसआयपीने दोन माणसांच्या कॉलसाठी तेच एसडीपी उचललं. आपण आजही ज्याच्या आधारे काम करतो तो आरएफसी ३२६१ जून २००२ चा. नॅटचं वर्णन त्याआधी १९९४ मध्ये, आणि खासगी पत्त्यांचा आरएफसी १९१८ हा १९९६ मध्ये येऊन गेला होता. भारतात इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. म्हणजे आपल्याकडे हे काम सुरू झालं त्या दिवसापासून नॅट सोबत आहे. नॅट हा अपवाद नाही, नेहमीची परिस्थिती आहे, हे धरूनच सर्व्हर लावायचा.

तक्रार आली की लगेच कॉन्फिग उघडू नकोस. ग्राहकाला आधी नीट विचार: कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, सुरुवातीपासून येत नाही की मध्येच बंद होतं, आणि कॉल आपोआप तुटत असेल तर किती वेळाने. या उत्तरांतच निम्मं निदान असतं.

कॉल दोन्हीकडून छान ऐकू येतो आणि साधारण अर्ध्या मिनिटाने तुटतो, असं कोणी म्हटलं तर एसडीपीकडे बघूसुद्धा नकोस. ही कॉन्टॅक्ट हेडरची तक्रार आहे. फोन उचलणाऱ्याने २०० ओके पाठवला, त्यात कॉन्टॅक्ट म्हणून स्वतःचा खासगी पत्ता दिला. फोन करणाऱ्याचा एसीके त्या पत्त्यावर निघाला आणि हरवला. उचलणारा बिचारा २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. टी१ हा टायमर अर्ध्या सेकंदाचा, त्याच्या ६४ पट थांबायचं, म्हणजे ३२ सेकंद. तेवढ्यात एसीके आला नाही की तो बाय पाठवून मोकळा होतो. ३२ हा आकडा लक्षात ठेव. या एका आकड्याने रात्रीच्या कितीतरी तक्रारी पाच मिनिटांत सुटतात. नोंदणीच्या आणि कॉलच्या मेसेजमधला कॉन्टॅक्ट नीट दुरुस्त होतोय का, रेकॉर्ड रूट लागतोय का, एवढंच बघ.

पहिले एक-दोन सेकंद आवाज येतो आणि मग गायब होतो, ही तक्रार वेगळी. इथे कुणीतरी कॉल जुळल्यावर नवा इन्व्हाइट पाठवून आवाजाची वाट बदललेली असते. बहुतेक वेळा हे काम मधल्या पीबीएक्सचं असतं. दोन फोनांनी थेट एकमेकांशी बोलावं म्हणजे आपला भार हलका होईल, हा त्याचा हेतू. एका ऑफिसातल्या एकाच नेटवर्कवर हे उत्तम चालतं, नॅटमागे नाही. अॅस्टरिस्कमध्ये डायरेक्ट मीडिया बंद कर. त्याच्या जोडीला सक्तीचा आरपोर्ट, सिमेट्रिक आरटीपी आणि कॉन्टॅक्ट बदलणं, या तीन सेटिंग नॅटमागच्या प्रत्येक एंडपॉइंटला चालू असल्या पाहिजेत.

आवाज सुरुवातीपासूनच एका बाजूने येत असेल, तर मात्र एसडीपी उघड. एसएनग्रेपमध्ये कॉल निवड, इन्व्हाइट आणि २०० ओके दोन्हींतल्या सी लाइन आणि एम लाइन कागदावर उतरव. सर्व्हरच्या आत येतानाचा मेसेज आणि बाहेर जातानाचा मेसेज, दोन्ही. आठही ओळी कागदावर एकाखाली एक आल्या की कुठला पत्ता बदलायचा राहिला ते डोळ्यांना दिसतं. स्क्रीनवर वर-खाली करत शोधलंस तर नजर चुकते.

आता ओळखण्याबद्दल. फोन नॅटमागे आहे की नाही हे ठरवताना नुसत्या यादीवर विसंबू नकोस. आरएफसी १९१८ ची यादी सगळ्यांना पाठ असते: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. (१७२ ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता खासगी धरणारी स्क्रिप्ट दिसली तर लगेच दुरुस्त कर, बाकीचे पत्ते खुल्या इंटरनेटवरचे आहेत.) २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या मोठ्या नॅटसाठी १००.६४ ते १००.१२७ हा तुकडा वेगळा राखून ठेवला. जुन्या स्क्रिप्टमध्ये तो नसतो. आणखी एक: अँड्रॉइड फोन फक्त आयपीव्ही६ देणाऱ्या मोबाइल नेटवर्कवर असला, तर त्यावरचं सॉफ्टफोन अॅप आपला पत्ता १९२.०.०.४ असा लिहू शकतं. घाईत तो १९२.१६८ सारखा वाटतो, पण यादीच्या चाळणीतून अलगद सुटतो.

म्हणून तुलना कर. मेसेज प्रत्यक्ष ज्या आयपी आणि पोर्टवरून आला तो, आणि मेसेजमध्ये लिहिलेला, जुळतात का? कामाइलिओच्या नॅटहेल्पर मॉड्यूलमध्ये या चाचण्यांना आकडे दिलेले आहेत, आणि लोक एकमेकांचं बघून १९ टाकतात. १९ म्हणजे १, २ आणि १६ यांची बेरीज. १ विचारतो, कॉन्टॅक्टमध्ये खासगी पत्ता आहे का. २ विचारतो, व्हायातला पत्ता खऱ्या पत्त्याहून वेगळा आहे का. १६ तेच पोर्टबद्दल विचारतो. यात एसडीपीची तपासणी कुठेच नाही, तिच्यासाठी ८ मिळवावा लागतो. आकडा उतरवण्याआधी तो काय विचारतोय ते वाच.

मात्र ही तुलना ग्राहकांच्या फोनपुरतीच ठेव. ज्या टेलिफोन कंपनीकडून आपण ट्रंक घेतो, तिचे मेसेज एका आयपीवरून येतात आणि आवाज दुसऱ्या, हे अगदी योग्य आणि नेहमीचं आहे. तिथे सी लाइनमधला पत्ता मेसेजच्या पत्त्याशी जुळत नाही म्हणून तू तो बदललास, तर चालू असलेली लाइन स्वतःच्या हाताने तोडशील. ट्रंकच्या बाजूला एसडीपीवर विश्वास ठेवायचा, ग्राहकाच्या बाजूला नाही. हा फरक स्क्रिप्टच्या अगदी वरच्या भागात, दिसेल असा लिहून ठेव.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती नीट समजून घे.

सी लाइनमधला १९२.१६८.१.२३ काढून तिथे २०३.०.११३.४५ लिहिला, की पत्ता दुरुस्त झाला असं नव्या माणसाला वाटतं. नॅटहेल्परमध्ये नेमकं हेच करणारं एक फंक्शन आहे, आणि ते एका ओळीत काम झाल्याचं समाधान देतं. पण पोर्टचं काय? फोनने लिहिलंय ११७८०. राउटरने फोनच्या आरटीपीसाठी बाहेरच्या बाजूला जो पोर्ट उघडला, तो समज ५२३१४ आहे. हा आकडा एसआयपीच्या कुठल्याच मेसेजमध्ये लिहिलेला नसतो. मेसेज ज्या पोर्टवरून आला तो एसआयपीचा पोर्ट, आवाजाचा नव्हे. म्हणजे पत्ता बरोबर आणि पोर्ट चुकीचा. काही राउटर आतला पोर्ट बाहेरही तोच ठेवतात, त्यांच्यामागे हा उपाय चालतो, आणि म्हणूनच तो घातक आहे. ऑफिसातल्या चाचणीत पास होतो आणि ग्राहकाच्या घरी पडतो.

यावर माझं मत ठाम आहे: आवाज स्वतःच्या हातातून नेणार नसशील, तर एसडीपीतला पत्ता बदलू नकोस. पत्ता बदलणं म्हणजे समोरच्याला शब्द देणं आहे की, इथे पाठव, मी पोचवतो. तो शब्द पाळायचा तर मध्ये आरटीपीइंजिन किंवा आरटीपीप्रॉक्सीसारखा मीडिया रिले हवा. रिले दोन्ही बाजूंना स्वतःचा पत्ता देतो, समज १९८.५१.१००.१०, पोर्ट ३०४१२. फोन त्या पत्त्यावर पहिलं आरटीपी पॅकेट पाठवतो. ते २०३.०.११३.४५ च्या ५२३१४ वरून आलेलं दिसतं. रिले तेवढ्यावरून खरा पोर्ट शिकतो आणि उलटा आवाज त्याच वाटेने परत पाठवतो. राउटरने ती वाट आत्ताच उघडलेली असते, त्यामुळे पॅकेट आत शिरतं. याला लॅचिंग म्हणतात, आणि २०१४ च्या आरएफसी ७३६२ मध्ये त्याचं वर्णन गुणदोषांसकट आहे. तो आरएफसी छोटा आहे, एकदा सबंध वाच.

लॅचिंगची एक अट आहे: फोनने आधी बोललं पाहिजे. ज्या पोर्टवर ऐकायचं त्याच पोर्टवरून पाठवलंही पाहिजे. आजचे बहुतेक फोन हे करतात. अडतं ते फोन गप्प बसतो तेव्हा. शांतता असताना पॅकेट न पाठवण्याची सोय चालू असलेला फोन, फक्त ऐकण्यासाठी उघडलेली एकतर्फी घोषणा, कॉल उचलण्याआधीच ऐकवली जाणारी ‘आपण डायल केलेला क्रमांक व्यस्त आहे’ ही टेप: या सगळ्यांत फोनकडून एकही पॅकेट येत नाही, रिलेला पोर्ट कळत नाही, आणि ग्राहकाला नुसती शांतता ऐकू येते. फोनमधली सायलेन्स सप्रेशनची सेटिंग बंद करायची ही आपली पहिली सूचना त्याचमुळे असते. १८३ सोबत येणारी टेप ऐकू येत नसेल, तर फोन २०० ओकेच्या आधी आरटीपी पाठवतो का, हे कॅप्चरमध्ये बघ.

हे सगळं मी इतकं लावून सांगतोय, कारण त्या शांततेच्या टोकाला माणूस असतो. दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन केलेल्या बाईला घंटी ऐकू येते, कॉल लागल्याचं दिसतं, आणि पलीकडून काहीच नाही. ती ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहते. कॉल लागलाच नाही तर माणूस दुसरा नंबर लावतो, पण लागलेल्या आणि मुक्या कॉलवर तो वाट बघत बसतो. आपल्या रिपोर्टमध्ये तो कॉल यशस्वी म्हणून मोजला जातो. म्हणून रोज सकाळी जुळलेल्या कॉलपैकी ज्यांत एका बाजूची पॅकेटं शून्य आहेत, अशा कॉलची यादी वेगळी काढत जा. रिले प्रत्येक कॉलच्या शेवटी पॅकेटांची संख्या देतो, फक्त ती कुणीतरी बघायला हवी.

पत्ता एकदाच बदलायचा, हा शीर्षकातला मंत्र. कामाइलिओमध्ये एसडीपीवरचा बदल त्या क्षणी होत नाही. ‘हे काढ, ते घाल’ अशी चिठ्ठी तयार होते आणि मेसेज बाहेर पडताना सगळ्या चिठ्ठ्या एकदम अमलात येतात. दोन फंक्शनांनी एकाच सी लाइनला हात लावला तर जुना पत्ता निघतो आणि दोन नवे पत्ते एकमेकांना चिकटून बसतात: १९८.५१.१००.१०१९८.५१.१००.१०, असा. मध्ये जागा नाही, काही नाही. असा चिकटलेला पत्ता ट्रेसमध्ये दिसला की दुसरं काही शोधू नकोस. रिलेचं फंक्शन दोनदा चाललंय, किंवा पत्ता बदलणारं फंक्शन आणि रिले दोन्ही चालू आहेत. बहुतेकदा एक मुख्य रूटमध्ये असतं आणि दुसरं ब्रँच रूटमध्ये, दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या वर्षी लिहिलेलं. कॉन्टॅक्टलाही हेच होतं.

आपलेच दोन सर्व्हर एकामागे एक असतील तरी नियम तोच. कोण रिले करणार ते ठरव, दुसऱ्याने हात लावायचा नाही. जुन्या व्यवस्थेत पहिला सर्व्हर ‘नोआरटीपीप्रॉक्सी’ नावाची एक ए लाइन घालून पुढच्याला कळवतो की काम झालंय. ती ओळ दिसली तर निरुपयोगी समजून पुसू नकोस.

आणि ग्राहकाच्या राउटरमधलं एसआयपी एएलजी. राउटर बनवणाऱ्याने मदत म्हणून ते दिलेलं असतं. राउटर मेसेजच्या आत डोकावून पत्ते बदलू बघतो, पण अर्धेच बदलतो. एक प्रकार जवळून दाखवतो. फोनने सी लाइनमध्ये १०.०.०.५ लिहिलं, म्हणजे आठ अक्षरं. राउटरने तिथे २०३.०.११३.४५ घातलं, बारा अक्षरं. मजकूर चार बाइटने वाढला, पण कंटेंट लेंग्थ हेडरमधला आकडा जुनाच राहिला. यूडीपीवर नियम असा की त्या आकड्यापलीकडचं जे असेल ते टाकून द्यायचं. मग एसडीपीच्या अगदी शेवटच्या ओळीची शेपटी कापली जाते: ओळ संपल्याच्या दोन खुणा आणि शेवटची दोन अक्षरं. शेवटची ओळ ‘सेंडरिसीव्ह’ सांगणारी असेल तर ती अर्धवट उरते. काही फोन ते पोटात घालतात, काही संपूर्ण एसडीपी नाकारून कॉल तोडतात. म्हणून ट्रेस बघताना मजकूर खरोखर किती बाइटचा आहे आणि हेडर किती म्हणतंय, हे ताडून बघ. एएलजी बंद करायला सांग. ग्राहकाला राउटरमध्ये शिरता येत नसेल तर फोन टीएलएसवर, ५०६१ पोर्टवर ने, मग राउटरला आत काय आहे ते वाचताच येत नाही. तेही शक्य नसेल तर निदान ५०६० सोडून दुसरा पोर्ट दे, बरीच एएलजी तेवढ्याने शांत होतात.

हात कुठे लावायचा नाही, तेही माहीत हवं. सी लाइनमध्ये ०.०.०.० दिसलं तर ते जुन्या पद्धतीचं होल्ड आहे. तिथे तू खरा पत्ता घातलास, तर होल्डवर ठेवलेल्या माणसाचा आवाज पुन्हा पलीकडे जाऊ लागेल. हे नुसतं तांत्रिक नाही. होल्डवर आहे समजून लोक आपसात खासगी बोलतात. एम लाइनमधला पोर्ट शून्य असेल तर तो मीडिया नाकारलेला आहे, त्याला पोर्ट द्यायचा नाही. पण ब्राउझरमधून येणाऱ्या वेबआरटीसी कॉलमध्ये ०.०.०.० आणि पोर्ट ९ अशी जोडी येते आणि तिचा होल्डशी काही संबंध नसतो. तिथे खरे पत्ते खालच्या कँडिडेट ओळींमध्ये असतात किंवा मागाहून येतात. कँडिडेट ओळी म्हणजे आइसची यंत्रणा. तू सी लाइन बदललीस आणि कँडिडेट तसेच ठेवलेस, तर समोरच्याला दोन्हींत मेळ दिसत नाही आणि तो आइस सोडून देतो. रिले मध्ये घालायचा असेल तर कँडिडेट त्यालाच हाताळू दे: एक तर सगळे काढून टाकायचे, नाहीतर त्याने स्वतःचे घालायचे.

एसडीपी फक्त इन्व्हाइट आणि २०० ओके मध्ये असतं हा समज सोड. ते १८३ मध्ये असतं, पुन्हा आलेल्या इन्व्हाइटमध्ये असतं, अपडेटमध्ये असतं. इन्व्हाइट रिकामा आला तर ऑफर २०० ओके मध्ये येते आणि उत्तर थेट एसीकेमध्ये. एसीकेमधलं एसडीपी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हमखास नजरेतून सुटतं, आणि मग ठरावीक एका पीबीएक्सच्याच कॉलला आवाज नाही, अशी विचित्र तक्रार येते. ओ लाइनमध्ये आवृत्तीचा एक आकडा असतो, एसडीपी बदललं तर तो एकाने वाढायला हवा. फोनने आकडा न वाढवता तेच एसडीपी पुन्हा पाठवलं आणि तुझ्या रिलेने दरम्यान नवा पोर्ट घातला, तर समोरचा ‘आकडा तोच आहे, म्हणजे काही बदललं नाही’ म्हणून नव्या पोर्टकडे बघतच नाही. एकाच कॉलमध्ये रिलेने तोच पोर्ट शेवटपर्यंत ठेवला पाहिजे. कॉल आयडी आणि दोन्ही टॅग रिलेला नीट पोचत असतील तर तो ठेवतो.

होल्डचा आणखी एक त्रास वेळेचा. राउटर न वापरलेली यूडीपीची वाट काही वेळाने बंद करतो. २००७ चा आरएफसी ४७८७ म्हणतो, दोन मिनिटांच्या आत बंद करू नका. पण लिनक्सवर आधारलेल्या राउटरमध्ये उत्तर न आलेल्या यूडीपीला ३० सेकंदच मिळतात, आणि स्वस्तातले राउटर आरएफसी वाचून बनवलेले नसतात. नोंदणी जिवंत ठेवायला सर्व्हरकडून ३० सेकंदांच्या आत काहीतरी जाऊ दे. होल्ड सोडल्यावर बाहेरचा पोर्ट बदललेला असू शकतो, तेव्हा नव्या इन्व्हाइटनंतर रिलेने पोर्ट पुन्हा शिकला पाहिजे.

पुन्हा शिकण्याची ही मोकळीक कॉलभर मात्र देऊ नकोस. २०१७ मध्ये आरटीपी ब्लीड नावाने एक त्रुटी उघड झाली. अॅस्टरिस्क आणि आरटीपीप्रॉक्सी दोन्हींना ती लागू होती. बाहेरच्या कुणीही रिलेच्या पोर्टांवर नुसती पॅकेटं फेकत राहिलं, की रिले त्याचा पत्ता शिकून चालू कॉलचा आवाज त्याच्याकडे वळवायचा. पासवर्ड नको, ओळख नको. सुरुवातीला शिकायचं, मग दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्या पत्त्यावरून आलेलं पॅकेट फेकून द्यायचं: आरटीपीइंजिनमध्ये स्ट्रिक्ट सोर्स, अॅस्टरिस्कमध्ये स्ट्रिक्ट आरटीपी. कुणाचा एखादा कॉल अडतो म्हणून हे सगळ्यांसाठी बंद करायला सांगितलं, तरी करू नकोस. आणि एसआरटीपी देता येत असेल तिथे दे.

एकाच घरातले दोन फोन आपसात बोलत असतील तर आवाज सर्व्हरवर आणून परत का न्यायचा, असं तुला कुणीतरी सुचवेल. दोघांचा बाहेरचा आयपी सारखा असेल तर थेट बोलू द्या, असा नियम लिहितात. मोठ्या नॅटच्या काळात हा नियम धोक्याचा आहे. इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांना देते. एक फोन हडपसरचा, दुसरा चिंचवडचा, दोघांचा बाहेरचा आयपी तोच, आणि दोघांच्या घरात १९२.१६८.१ चंच नेटवर्क. थेट सोडलेस तर दोघेही आपापल्या घरात एकमेकांना शोधतील. सरळ रिले कर.

त्याची किंमत फार नाही. जी.७११ मध्ये २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट, सेकंदाला ५०, आवाजाचे १६० बाइट आणि हेडरचे ४०. म्हणजे एका दिशेला ८० केबीपीएस. शंभर कॉलना रिलेवर १६ एमबीपीएस आत आणि तेवढंच बाहेर. पोर्ट मात्र मोज: आरटीपी आणि आरटीसीपी वेगळे असतील तर एका कॉलला चार. आरटीपीइंजिनची ३०००० ते ४०००० ही नेहमीची रेंज अडीच हजार कॉलना पुरते. फायरवॉलमध्ये नेमकी तीच रेंज उघडी आहे ना, हे बघ. रेंज एकीकडे वाढवून दुसरीकडे विसरली, तर गर्दीच्या वेळीच आणि काहीच कॉल मुके होतात, आणि ते शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

रिले कुठे ठेवतेस यालाही महत्त्व आहे. पुणे ते नाशिक कॉलचा आवाज फ्रँकफर्टला जाऊन यायला नको. आयटीयूच्या जी.११४ प्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, नाहीतर माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. मुंबईच्या क्लाउडमध्ये ठेव. क्लाउडवर एक गोष्ट विसरायची नाही: तिथल्या मशीनला स्वतःचा बाहेरचा आयपी ठाऊक नसतो, तिच्या कार्डावर खासगी पत्ताच असतो. आरटीपीइंजिनच्या इंटरफेस सेटिंगमध्ये खासगी पत्ता, मग उद्गारचिन्ह, मग बाहेरचा पत्ता असं लिहावं लागतं. नाहीतर ग्राहकाचा खासगी पत्ता काढून तू तिथे आपलाच खासगी पत्ता घालशील.

बदल लाइव्ह करण्याआधीची चाचणी ऑफिसच्या वायफायवर करून थांबू नकोस. एक फोन मोबाइल हॉटस्पॉटवर ठेव, दुसरा एखाद्या घरच्या ब्रॉडबँडवर, आणि दोन्हीकडून एकमेकांना लाव. उचलण्याआधीची टेप ऐकू येते का बघ. जुळल्यावर ४० सेकंद बोल, म्हणजे ३२ चा प्रश्न सुटला की नाही ते कळेल. मग तीन मिनिटं होल्ड, होल्ड काढून पुन्हा बोल. कॉल दुसऱ्या एक्स्टेन्शनला ट्रान्सफर कर. बाहेरच्या लँडलाइनवर एक कॉल, तिकडून इकडे एक कॉल. प्रत्येक वेळी दोन्ही टोकांना माणूस असू दे आणि त्याने ऐकलेलं मोठ्याने परत म्हणू दे. कॅप्चर चालू ठेव, आणि सगळं नीट चाललेला तो कॅप्चर तारीख घालून जपून ठेव. पुढे बिघाड झाला की शेजारी ठेवून ताडून बघायला तोच उपयोगी पडतो.